ताई, बिनहरीफ म्हणजे काय?

गेल्या मे महिन्यात सुट्टीला सुरतला घरी गेले आणि चौथ्या दिवशी माझी मास्तरीण झाली. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. उन्हाळ्यात ते नववी-दहावीच्या पोरांचा फुकट वर्ग घेतात. गणेश मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, सकाळी आठ ते दहा, म्हणजे पत्रा तापायच्या आत. त्यांनी आईला विचारलं, "पोरगी मुंबईला राज्यशास्त्र शिकते ना? मग आठवडाभर संसद शिकवू दे आमच्या पोरांना. तो धडा शिकवताना मला स्वतःलाच झोप येते." आईने मला न विचारता हो म्हटलं.

सुरत म्हटलं की मुंबईत दोन गोष्टी निघतात, साड्या आणि शिवाजी महाराजांची स्वारी. (२०२२ च्या जूनपासून तिसरीही निघते, एका रात्रीत सुरतेला पोचलेले आमदार.) पण लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली इतकी कुटुंबं आहेत की भाजीवालीशी अहिराणीत भाव करता येतो. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, मीही त्यातल्याच एकीत शिकले. पुस्तक गुजरात राज्याचं, छापलेलं मराठीत, आणि बोलणं तीन-चार भाषांचं. त्यामुळे माझ्या वर्गात आमदाराला कुणी आमदार म्हणायचं, कुणी धारासभ्य, आणि एक मुलगा सगळ्यांनाच 'नेता' म्हणायचा.

पहिले दोन दिवस मी तेच केलं जे माझ्या शिक्षकांनी केलं होतं. फळ्यावर तीन चौकोन काढले: राष्ट्रपती, राज्यसभा, लोकसभा. लोकसभेत ५४३ जागा, राज्यसभेत २४५, त्यातले १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. गुजरातचे लोकसभेत २६, महाराष्ट्राचे ४८. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, विचारल्यावर धडाधड म्हणूनही दाखवलं. डोळ्यांत काही नव्हतं. मला त्या शिक्षकांची झोप कळली.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या जागा भरायला दिल्या. 'लोकसभेचे सदस्य ______ निवडले जातात.' उत्तर पाठ होतं सगळ्यांना: जनतेकडून प्रत्यक्ष मतदानाने. मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र लिहीत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "ताई, आमच्याकडे तर मतदानच झालं नव्हतं. मग आमचा खासदार कसा आला?"

"झालं होतं की! माझ्या मम्मीच्या बोटाला शाई होती," पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली.

"नव्हतं झालं. पप्पा सुट्टी मागायला गेले तर शेठ म्हणाला, कसली सुट्टी, निवडणूकच नाही."

दोघं हमरीतुमरीवर आली, आणि दोघंही खरं बोलत होती. सुरत शहर लोकसभेच्या एका मतदारसंघात मावत नाही. लिंबायत, उधना, मजुरा, चोर्यासी हे विधानसभेचे भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडतात. सुरत पूर्व, सुरत उत्तर, सुरत पश्चिम, वराछा रोड, करंज, कतारगाम आणि ओलपाड मिळून सुरत मतदारसंघ होतो. मुलगी लिंबायतची. मुलगा सुरत पूर्वमधला, सुट्टीपुरता मामाकडे आलेला. ७ मे २०२४ ला तिच्या आईने मत दिलं आणि त्याच शहरात त्याच्या वडिलांना देता आलं नाही.

हे मला नवीन नव्हतं. ते माझं पहिलंच मत होतं. आदल्या संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून फ्लाइंग राणी पकडून मी त्यासाठी घरी आले होते. माझी शाळेतली मैत्रीण कतारगामला राहते, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. मी बोटाचा फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "लकी आहेस." त्यावर मी तेव्हा दोन मिनिटंही विचार केला नव्हता. आता एक पंधरा वर्षांचा मुलगा उत्तर मागत उभा होता.

झालं होतं ते असं. उमेदवारी अर्जाला सूचक लागतो. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक, अपक्षाला दहा. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असायला हवा. गुजरातीत त्याला 'टेकेदार' म्हणतात, आपल्या 'टेकू'च्या जवळचा शब्द. सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराच्या अर्जांवरच्या टेकेदारांनी निवडणूक अधिकाऱ्यापुढे सांगितलं की या सह्या आमच्या नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सही खरी नसेल तर अर्ज नामंजूर करता येतो. २१ एप्रिलला तो झाला. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचाही झाला. २२ एप्रिल हा माघारीचा शेवटचा दिवस. त्या दिवसापर्यंत बाकीच्या आठही जणांनी अर्ज मागे घेतले. उरले एकटे भाजपचे मुकेश दलाल. त्याच दिवशी त्यांना निवडून आल्याचं प्रमाणपत्र मिळालं, मतदानाच्या पंधरा दिवस आधी. दुसऱ्या दिवशीच्या गुजराती पेपरांत मोठ्ठा शब्द होता: बिनहरीफ.

"ताई, बिनहरीफ म्हणजे काय?" पुढच्या रांगेतून प्रश्न.

"बिनविरोध," मी म्हटलं. आणि मग, वर्ग पहिल्यांदाच जागा झालाय या आनंदात, मी एक वाक्य ठोकून दिलं. "पण एकच उमेदवार उरला तरी मशिनवर नोटा असतोच. म्हणजे मतदान घ्यायलाच हवं होतं."

घरी येऊन कायदा उघडला तर मी साफ चुकले होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ५३, पोटकलम २: जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्यांना लगेच निवडून आल्याचं जाहीर करायचं. 'करता येईल' असं नाही, करायचंच. मतदान कधी होतं? उमेदवार जागांपेक्षा जास्त असले तरच. नोटा हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मशिनवर आलेलं बटण. पण मशिनच बाहेर निघालं नाही तर बटण कुठून दाबणार? नोटा उमेदवार नाही. त्याला कुणी हरवत नाही आणि तो कुणाला अडवतही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं, काल मी चुकीचं शिकवलं. पोरांना त्यात कलम ५३ पेक्षा जास्त गंमत वाटली. (शिकवणाऱ्यांना माझा सल्ला: एकदा चुका आणि कबूल करा. उरलेला आठवडा पोरं तुमचं प्रत्येक वाक्य तपासायला टपून बसतात.)

माझी दुसरी चूक शब्दातली होती. बिनहरीफ म्हणजे बिनविरोध असं मी सहज म्हणून गेले, कारण निकालपत्रात दोन्हींचा अर्थ एकच होतो. पण गुजराती शब्द म्हणतो, समोर हरीफ नव्हता, प्रतिस्पर्धी नव्हता. मराठी शब्द त्याच्या पुढे जातो आणि म्हणतो, विरोध नव्हता. हरीफ किती होते ते कागद बघून सांगता येतं. विरोध होता की नव्हता हे मत मोजल्याशिवाय कसं सांगणार?

याचा पुरावा त्याच निवडणुकीत मिळाला, इंदूरला. तिथेही काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला. पण तिथे बाकीचे छोटे उमेदवार टिकून राहिले, म्हणून मतदान घ्यावं लागलं. भाजपचे शंकर लालवानी ११ लाख ७५ हजारांच्या वर मताधिक्याने निवडून आले. आणि नोटाला पडली २ लाख १८ हजार ६७४ मतं. फळ्यावर हा आकडा लिहिल्यावर तो मागच्या रांगेतला मुलगा बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "म्हणजे तिकडच्यांना निदान 'नको' तरी म्हणता आलं."

"सुरतेत लोकांना नक्कीच तेच म्हणायचं होतं असं नाही हं," मी म्हटलं. "कदाचित दलालच लाखोंनी जिंकले असते. हा भाजपचा जुना बालेकिल्ला आहे."

"असेल. पण मोजलं कुठे?"

ही गोष्ट एका पक्षाची नाही, हे सांगायला मी जुनी उदाहरणं शोधली. १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण नाशिकमधून असेच लोकसभेवर गेले होते. २०१२ साली कन्नौजमधून डिंपल यादव. आपण मराठीत अशा निवडीचं कौतुक करतो. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावात फटाके वाजतात, एकोपा म्हणून. कधी तो खराच एकोपा असतो. हल्ली या कलम ५३ लाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, मतदाराला 'वरीलपैकी कोणी नाही' म्हणायची संधी मिळायला हवी या मुद्द्यावर. आणि एखाद्या निकालाबद्दल तक्रार असेल तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते.

मग पुढचा प्रश्न आला, तो अहिराणीत. "हाऊ खासदार कोना शे?" हा खासदार कोणाचा?

याचं उत्तर मी घाईने दिलं नाही. खासदार मतदारांचा नसतो, मतदारसंघाचा असतो. ज्याने मत दिलं त्याचा, ज्याने विरोधात दिलं त्याचा, जो झोपून राहिला त्याचा, आणि तुझं वय पंधरा आहे म्हणून तुझाही. नवसारीत सी. आर. पाटील ७ लाख ७३ हजारांच्या फरकाने आले, सुरतेत दलाल एकही मत न मोजता आले. शपथ एकच, खुर्ची सारखी, मतदानाच्या वेळी दोघांचं मतही एकेकच. लोकसभेच्या दारात मताधिक्य बाहेर ठेवून आत जावं लागतं.

"म्हणजे पप्पा त्यांना पत्र लिहू शकतात?"

"शकतात. तूही."

"मग ते कलम बदला म्हणावं!"

आणि इथे, काहीही न ठरवता, आम्ही त्या धड्यात शिरलो जो मी पहिल्या दिवशी चौकोन काढून शिकवायला निघाले होते. कलम ५३ कुणी केलं? संसदेने. बदलणार कोण? संसदच. कसं? विधेयक आणून. मंत्र्याने आणलं तर सरकारी विधेयक, साध्या सदस्याने आणलं तर खासगी सदस्याचं. पहिल्या वाचनात ते फक्त मांडायचं. दुसऱ्यात आधी तत्त्वावर चर्चा आणि मग कलम-कलम सोलून काढायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, वाटलं तर समितीकडे धाडायचं. तिसऱ्यात हो की नाही एवढंच. मग दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. खासगी सदस्यांच्या विधेयकांना सहसा शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात. स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. हे ऐकून वर्ग हिरमुसला. मी काही गोड करून सांगितलं नाही.

दोन सभागृहांचं भांडण झालं तर? ते सुरतेच्याच माणसामुळे सांगता आलं. मोरारजी देसाई. आपल्याकडे हे नाव निघालं की संयुक्त महाराष्ट्राचा लढा आठवतो आणि पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. पण ते १९५७ ते १९७७ मध्ये सलग पाच वेळा सुरतेचे खासदार होते आणि १९७७ ला पंतप्रधान झाले. लोकसभेत त्यांच्या जनता पक्षाचं बहुमत, राज्यसभेत काँग्रेसचं. बँक सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक राज्यसभेने फेटाळलं, तेव्हा मे १९७८ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून ते मंजूर करून घेतलं. अशी बैठक आजवर तीनदाच झाली: १९६१ ला हुंडाबंदीसाठी, १९७८ ला ही, आणि २००२ ला दहशतवादविरोधी 'पोटा' कायद्यासाठी. पोरांनी लगेच बेरीज केली. ५४३ आणि २४५ एकत्र बसवले तर जिंकणार कोण? "हा तर चीटिंग आहे," एक जण म्हणाला. नियमात बसणारी गोष्ट चीटिंग असते का, यावर पाच मिनिटं गेली. अर्थविषयक विधेयकात तर राज्यसभेला एवढंही नाही. १४ दिवसांत सूचना करून परत पाठवायचं, आणि त्या सूचना मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवणार.

आता अभिरूप संसद. शाळा-कॉलेजांत ही होते ती बहुधा पाठ केलेल्या भाषणांची स्पर्धा असते. नेहरू जाकीट, 'अध्यक्ष महोदय', आणि परीक्षक खूश. मला भाषणं नको होती. २४ मुलं होती. १६ लोकसभेत, ८ राज्यसभेत. गणपूर्ती एक दशांश, म्हणजे खऱ्या लोकसभेत ५५ आणि आमच्यात दोन. विधेयक कशावर आणायचं याचं मतदान घेतलं. एका बाजूला कलम ५३, दुसऱ्या बाजूला मुलींनी सुचवलेला विषय: लूमवरची बारा तासांची पाळी. १७ विरुद्ध ७. मागच्या रांगेतला मुलगा हरला. पण या वेळी मोजून हरला, असं तोच म्हणाला.

लूमच्या कारखान्याला सुरतेत 'खातं' म्हणतात. खात्यात दिवसपाळी बारा तास, रातपाळी बारा तास. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील असेच काम करतात. मुलींनी विधेयक लिहिलं: 'कोणत्याही कामगाराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घेऊ नये.' सुंदर. फक्त अडचण अशी होती की हा कायदा आधीच होता. कारखाने अधिनियम, १९४८. कलम ५४ मध्ये दिवसाचे ९ तास, कलम ५१ मध्ये आठवड्याचे ४८, त्यावर काम केलं तर कलम ५९ प्रमाणे दुप्पट दराने पैसे. राज्यघटना लागू व्हायच्या आधी, संविधान सभाच कायदेमंडळाचं काम करत होती त्या काळातला हा कायदा. आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने, ज्यांच्या फोटोखाली आम्ही बसलो होतो ते बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हाच्या कामातून.

मी हे सांगितल्यावर वर्गात शांतता. मग पुढच्या रांगेतली ती मुलगी म्हणाली, "ताई, मग माझे पप्पा बारा तास कसे?"

याचं एक उत्तर कायद्यातच आहे. ठराविक संख्येहून कमी कामगार असतील तर त्या जागेला कारखाना म्हणतच नाहीत. पण दुसरं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसतं. म्हणून आमच्या संसदेने विधेयक बाजूला ठेवलं आणि प्रश्नोत्तराचा तास घेतला. संसदेचं हे निम्मं काम पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. कायदे करणं हे एक, आणि केलेल्या कायद्याचं काय झालं ते सरकारला उभं करून विचारणं हे दुसरं.

लोकसभेत अकरा ते बारा हा तास प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. असे दिवसाला वीसच, तेही चिठ्ठी काढून. अतारांकितला लेखी उत्तर. प्रश्न कसा लिहावा याचे नियम आपल्या वाङ्मय मंडळात फ्रेम करून लावावेत असे आहेत. साधारण १५० शब्दांच्या आत. युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, विशेषणं लावून कुणाला रंगवणं नको. मुलांचा पहिला मसुदा होता, 'क्रूर शेठलोक आमच्या वडिलांना बारा बारा तास राबवतात आणि सरकार झोपलेलं आहे हे मंत्र्यांना माहीत आहे का?' 'क्रूर' गेलं. 'राबवतात' गेलं. 'झोपलेलं' काढताना फार जिवावर आलं. उरलं ते असं: '(अ) सुरत येथील यंत्रमाग कारखान्यांत कामगारांना दररोज ९ तासांपेक्षा अधिक काम करावे लागते, हे सरकारला माहीत आहे काय; (ब) असल्यास, गेल्या तीन वर्षांत किती कारखान्यांची तपासणी झाली; (क) उल्लंघन आढळलेल्या कारखान्यांवर कोणती कारवाई झाली?' विशेषणं काढल्यावर तो प्रश्न जास्त टोचतो, हे मी सांगायच्या आधी एका मुलाने सांगितलं.

पण विचारणार कोण? आमचा मतदारसंघ नवसारी. आमचे खासदार सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातले, याचा लिंबायतला अभिमान आहे. पण ते जून २०२४ पासून केंद्रात जलशक्ती मंत्री आहेत, आणि मंत्री सभागृहात प्रश्नांना उत्तरं देतो, प्रश्न विचारत नाही. म्हणजे आमचा प्रश्न दुसऱ्या कुठल्या तरी सदस्याकडून जायला हवा. जवळचा कोण? सुरतेचा. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. ज्याच्या वडिलांना मत देता आलं नाही तो मुलगा सुरतेचा खासदार झाला. बिनहरीफ.

श्रममंत्री झालेल्या मुलीला मी खऱ्या उत्तरांचा साचा दिला होता. तिने गंभीर चेहऱ्याने वाचलं, "कायद्याची अंमलबजावणी राज्य सरकारांकडे आहे. माहिती गोळा केली जात आहे व सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." (ही पळवाट वाटते, पण असं वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि ते पुरं झालं का हे बघायला वेगळी समिती असते.) खासदार उभा राहिला. "उपप्रश्न. तपासणी राज्याची, तर कायदा दिल्लीने का केला?"

मंत्री गडबडली. माझ्याकडे बघितलं. उत्तर समवर्ती सूचीत आहे. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांचा, आणि कारखाना निरीक्षक नेमतं राज्य. म्हणजे हा प्रश्न गांधीनगरला, विधानसभेतही न्यायला हवा. पत्रा तापला होता. दहा वाजून गेले होते. अध्यक्षांनी सभागृह तहकूब केलं.

मी मुंबईला परतले. १ जुलैला गुजरात सरकारने वटहुकूम काढून याच अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली: दिवसाचे तास बारापर्यंत नेता येतील, आठवड्याची मर्यादा ४८ च. विधिमंडळ भरलेलं नसताना राज्यपालांना घटनेच्या कलम २१३ खाली असा वटहुकूम काढता येतो. सभागृह बसल्यापासून सहा आठवड्यांत ते मंजूर झालं नाही तर तो संपतो. सप्टेंबरमध्ये विधानसभेने त्याचं विधेयक मंजूर केलं. उद्योग यावेत, रोजगार वाढावा, हे सरकारचं म्हणणं.

पुढच्या रांगेतल्या त्या मुलीचा मला मेसेज आला. 'ताई, खात्यात सांगितलं की आता बारा तास कायदेशीर आहेत. पण आठवड्याचे ४८ म्हणजे बाराचे चारच दिवस ना? ते कुणी सांगितलं नाही. पप्पा सहा दिवस जातात.' मी हिशोब पुन्हा केला. तिचा बरोबर होता.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा वर्ग आहे. विषय तिनेच ठरवलाय, विधानसभेत प्रश्न कसा पोचवायचा. दुसरा विषय मतदार यादी. १ एप्रिल २०२९ ला वर्गातल्या कुणाकुणाला अठरा पूर्ण होतात याची यादी त्यांनी केली आहे. सगळे बसतात, एक सोडून. त्याचा जन्म जून २०११ चा, दोन महिन्यांनी हुकतो. सुरत पूर्वच्या मुलाचं नाव यादीत पहिलं आहे, आणि पुढे कंसात त्याच्याच अक्षरात लिहिलंय: मतदान झालं तर.